इंटरव्हलनंतरचा पिक्चर

ती. बाबा आणि आई यांना,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर आपलं बोलणं अर्धवट राहिलं. टीव्हीवर 'सैराट' लागला होता आणि 'झिंगाट' झाल्यावर थोड्या वेळानं बाबांनी चॅनल बदललं, असं आई सांगत होती. मग बाबांनी फोन घेतला आणि म्हणाले, "हा पिक्चर इंटरव्हलपर्यंतच चांगला आहे. पुढचं अर्धं कापायला पाहिजे होतं. शेवट तर नकोच." मी काही बोलणार तेवढ्यात दारात गॅसवाला आला आणि फोन ठेवावा लागला. चार दिवस झाले, ते वाक्य डोक्यातून जात नाही. फोनवर मला नीट मांडता येत नाही आणि तुम्ही लगेच "बरं बरं" म्हणून विषय बदलता, म्हणून बसून लिहिते आहे. पत्र मोठं होणार आहे. आई, तू दुपारी चष्मा लावून सावकाश वाच.

बाबा, तुम्हाला कडू शेवट सोसत नाही असं कुणी म्हणालं तर मी ऐकणार नाही. पिक्चर बघायला मला तुम्हीच शिकवलंत. 'सामना' दाखवताना तुम्ही मला आधीच बजावलं होतं, की हिंदुराव पाटलाचा रुबाब बघत बसू नकोस, मास्तर काय विचारतोय ते ऐक. मी तेव्हा आठवीत होते. गावातून नाहीशा झालेल्या माणसाबद्दलचा "मारुती कांबळेचं काय झालं?" हा प्रश्न पिक्चर संपला तरी संपत नाही, हे मला त्या रात्री कळलं. निळू फुले आणि डॉ. लागू समोरासमोर बसलेत आणि आवाज न चढवता एकमेकांना जोखताहेत, यापेक्षा मोठी मारामारी मी अजून कुठल्या पिक्चरमध्ये पाहिलेली नाही. तो पिक्चर १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेला होता, हे तुम्ही दर वेळी अशा अभिमानानं सांगायचात जणू आपल्या गावचाच कुणी पोरगा परदेशी गेलाय.

आणि 'फँड्री'! तो आला फेब्रुवारी २०१४ मध्ये. तेव्हा आपलं बोलणं बंद होतं. तुम्ही सांगलीला एकटे जाऊन बघून आलात आणि रात्री जेवला नाहीत, हे आईनं मला खूप नंतर सांगितलं. शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि डुकरामागे धावणारं ते अख्खं घर जागच्या जागी ताठ उभं राहतं, त्या प्रसंगाबद्दल तुम्ही म्हणाला होतात, "तीस वर्षं मी पोरांना सावधान म्हणून उभं केलं, पण भिंतीपलीकडे कोण उभं आहे हे कधी वाकून पाहिलं नाही." शेवटी त्या घरातला पोरगा, जब्या, दगड भिरकावतो, तो थेट आपल्या अंगावर येतो आणि पडदा काळा होतो. त्यावर तुमचं मत होतं, की हा दगड लागलाच पाहिजे, चुकवायचा नाही. तो दगड झेलणारा माणूस त्याच दिग्दर्शकाच्या, नागराज मंजुळेंच्या, पुढच्या पिक्चरचा, 'सैराट'चा, शेवट कापायला निघतो, हे मला पटत नाही. म्हणजे कारण दुसरं आहे.

शेवट कापता येतोच म्हणा. तुमच्या लाडक्या 'शोले'चा कापला होता की. तुम्ही १९७५ साली मिरजेला पाहिलात तेव्हा ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला तुडवत असताना पोलीस येऊन त्याला थांबवतात. मुळात सिप्पींनी ठाकूर त्याला मारून टाकतो असं घेतलं होतं. आणीबाणीचे दिवस, माजी पोलीस अधिकारी कायदा हातात घेतो हे सेन्सॉरला चालेना, म्हणून शेवट पुन्हा चित्रित करावा लागला. पन्नास वर्षांनी, २०२५ मध्ये, इटलीत बोलोन्याला पिक्चर मूळ शेवटासकट दाखवला. मला विचाराल तर 'शोले'ला दोन्ही शेवट चालतात. आपण रामगढला जातो ते जय-वीरूसाठी, मौसीसाठी, संध्याकाळी दिवे मालवणाऱ्या राधासाठी. गब्बर मेला की तुरुंगात गेला, यानं त्यातलं काही हलत नाही. 'अशी ही बनवाबनवी'चंही तेच. शेवटी सोंग उघडं पडणार हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं, तरी आपण "तुमचे सत्तर रुपये वारले"ची वाट बघत बसतो. तुमचा नातू आता हे वाक्य तुमच्याच आवाजात म्हणतो. (त्या पिक्चरमधलं खरं दुःख पुण्यात भाड्याची खोली मिळत नाही हे आहे. इथं येऊन खोल्या शोधत फिरले तेव्हा ते कळलं. सुधीर जोशींसारखा एक घरमालक मलाही भेटला होता.)

पण 'सैराट' शेवटावरच उभा आहे. सांगते कसं ते, पण आधी आईच्या पिक्चरबद्दल बोलायला हवं.

आई, 'माहेरची साडी'ला तू मला घेऊन गेली होतीस तेव्हा मी पाच-सहा वर्षांची असेन. गल्लीतल्या बायका मिळून गेलो होतो, कुणी पिशवीत भडंग घेतलं होतं. पिक्चर मला काहीच आठवत नाही. आठवतो तो तुझा पदर, ओला, माझ्या गालाला लागत होता. सगळं थेटर मुसमुसत होतं. पुढे कॉलेजात गेल्यावर मी त्या पिक्चरची यथेच्छ टिंगल केली, अलका कुबलच्या रडण्याची नक्कल करून मैत्रिणींना हसवलं, आणि एकदा तुझ्यासमोरही केली. तू काही बोलली नाहीस, भाकरी उलटलीस. त्याची मला आज लाज वाटते, आणि हे तुला लिहून द्यायचं होतं.

मागच्या महिन्यात मी तो पिक्चर एकटीनं पूर्ण पाहिला. अजूनही त्यातलं पुष्कळ मला पटत नाही. सोसणाऱ्या बाईला देवी करून टाकलं की छळणाऱ्यांना मोकळं सोडता येतं, आणि तो पिक्चर तेच करतो. उषा नाडकर्णींच्या सासूला शिव्या घालत आपण घरी येतो, पण विक्रम गोखल्यांचा बाप, ज्यानं जन्मापासून पोरीकडे पाठ फिरवली, त्याच्यावर कुणी तितकं चिडत नाही. माझ्या मते खरी गोष्ट तिथं आहे. सासर कितीही वाईट असो, मागे वळून बघितलं तर माहेरचं दार बंद आहे, हे ते दुःख. राजस्थानी पिक्चरवरून घेतलेली गोष्ट, पण आपल्याकडच्या बायकांना ती परकी वाटली नाही. भावानं दिलेली साडी नेसून ती सासरी निघते ते गाणं लागलं, की तू अजून हातातलं काम थांबवतेस. तुझा भाऊ, आपले मामा, किती वर्षं आले नव्हते, हे मला तेव्हा ठाऊक असतं तर मी नक्कल केली नसती. घरात रडलं तर चार जण विचारणार काय झालं म्हणून. थेटरात तीन तास कुणी विचारत नव्हतं.

आता साडीवरून 'सैराट'कडे येते.

बाबा, तुम्हाला पहिला भाग आवडतो, मलाही आवडतो. करमाळ्याकडचं ते उन्हानं भाजलेलं रान, बारवेत धाडकन उडी मारणारा परश्या, बुलेटवरून आणि ट्रॅक्टरवरून फिरणारी आर्ची. अकलूजची रिंकू राजगुरू तेव्हा शाळकरी पोर होती, आणि "मराठीत सांगितलेलं कळत नाही?" असं ती ज्या तोऱ्यात विचारते तो तोरा पाटलाच्या घरात जन्मलेल्या मुलीचाच आहे. तिला राष्ट्रीय पुरस्कारात विशेष उल्लेख मिळाला ते योग्यच झालं. अजय-अतुलनी लॉस एंजेलिसला जाऊन तिथल्या वादकांकडून गाणी वाजवून घेतली, ते सूर उसाच्या फडावरून वाहायला लागले की आपलं रानसुद्धा वेगळंच दिसतं. लोक उठून नाचले, पडद्यावर पैसे उधळले. पण तेवढाच पिक्चर असता तर तो आपण दोन वर्षांत विसरलो असतो.

इंटरव्हलनंतर हैदराबाद येतं. झोपडपट्टीतली खोली, आर्चीला न कळणारी तेलुगू, शौचाला जायची लाज, डोश्याच्या गाडीवर परश्या. अख्ख्या तालुक्याला दरारा असलेल्या घरची पोर बाटल्यांच्या कारखान्यात कामाला जाते. त्या अर्ध्यात गाणी नाहीत म्हणून लोकांना ते लांबलेलं वाटतं. मला तो भाग सगळ्यात खरा वाटतो. प्रेमात पडून पळून जाणाऱ्या पोरांचे पिक्चर शेकड्यानं आहेत, पण पळाल्यानंतर सकाळी दूध कुठून आणायचं हे कोण दाखवतं? आर्ची घरच्या आठवणीनं रडते, चिडते, निघूनही जाते आणि परत येते. मी धायरीच्या आमच्या पहिल्या खोलीत हे सगळं केलं आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये रजिस्टर लग्न केलं, तुम्ही दोघं आला नाहीत. त्याबद्दल मी आज भांडत नाही. तेव्हा तुम्हाला गावात काय काय ऐकून घ्यावं लागलं, हे मला आता माहीत आहे.

त्या वर्षीच्या दिवाळीत स्वारगेटला एस.टी.तून एक पिशवी आली. कंडक्टरनं नाव विचारून हातात दिली. मी तिथंच बाकावर बसून उघडली. वर शेंगदाणे, मग शेवया, कुरडया, भडंगाची पुडी, आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली हिरवी इरकल, घडीत हळद-कुंकवाची पुडी आणि ओटीचे मूठभर तांदूळ. चिठ्ठी नव्हती. त्या वर्तमानपत्राच्या समासात बाबांच्या अक्षरात दुधाचा हिशोब होता. आईनं पिशवी चोरून पाठवली असं मी तोवर धरून चालले होते. तो हिशोब बघून मला वाटलं, की कागद बाबांच्या टेबलावरचा आहे, म्हणजे त्यांना माहीत आहे. बाबा, मी हे तुम्हाला कधी विचारलं नाही.

आणि मग एप्रिल २०१४. दुपारी दार वाजलं, उघडलं तर तुम्ही. घामानं शर्ट भिजलेला, हातात तासगावच्या द्राक्षांची पेटी. तुम्ही एकटे आला होतात. चौदा महिन्यांनी. तुम्ही फक्त "पाणी दे" म्हणालात. मी पाणी दिलं आणि चहा ठेवला. माझा हात इतका थरथरत होता की साखर ओट्यावर सांडली, ती मुंग्या लागेपर्यंत तशीच राहिली.

आता 'सैराट'चा शेवट आठवा. आर्ची दारात रांगोळी काढते आहे. फ्लॅट घ्यायचं चाललंय, पोर चालायला लागलंय, आईशी फोनवर बोलणं झालंय. आणि भाऊ येतो, सोबत नातेवाईक, हातात आईनं पाठवलेलं सामान. ती हरखून जाते. आहेराचं सामान उलगडून बघते, चहा ठेवते, परश्याही धावपळ करतो. किती साधं घर, किती साधी सरबराई. पुढचं मी लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. नंतर पोर शेजारणीबरोबर परत येतं, आत जातं, आणि रडत बाहेर निघतं. आवाज पूर्ण बंद आहे. लाल पावलं तेवढी उमटत जातात. ज्या पिक्चरनं लॉस एंजेलिसहून सूर आणले, त्याला शेवटी काहीही वाजवावंसं वाटलं नाही.

आईच्या पिक्चरमध्ये माहेरची साडी म्हणजे माया. त्याच साडीच्या भरवशावर आर्ची दार उघडते. नागराज मंजुळेंनी हत्यार दाखवायच्या आधी आहेर दाखवला, म्हणून तो शेवट सहन होत नाही. तो कापला तर बाकी राहतं ते पळून जाणाऱ्या दोन गोड पोरांचं गाणं, आणि ज्या पोरी खरोखर मारल्या जातात त्यांचं काय, हा प्रश्न राहतच नाही. तुम्हीच शिकवलेला प्रश्न आहे तो बाबा, मारुती कांबळेचाच.

मे २०१६ मध्ये सांगलीला आपण चौघं तो बघायला गेलो होतो. आर्चीनं चहा ठेवला आणि तुम्ही उठून बाहेर गेलात. पिक्चर सुटल्यावर तुम्ही सायकल स्टँडजवळ उभे होतात, पाठमोरे. मला वाटलं होतं तुम्हाला पिक्चर आवडला नाही. आता वाटतं, तुम्हाला धायरीतला चहा आठवला. तुमच्या जागी दुसऱ्या कुणाला पाठवा, असं सुचवणारे लोक गावात होते का, हे मला ठाऊक नाही, आणि मी विचारणारही नाही. तुम्ही द्राक्षं घेऊन आलात.

मुलाच्या शाळेला सुट्टी लागली की आम्ही पंचवीसला येतोय, आठ दिवस. आई, दुपारी आपण दोघी 'माहेरची साडी' लावू, मी पूर्ण बसेन. येताना मी ती इरकल आणणार आहे, काठ उसवलाय, तुझ्याच हातून शिवून पाहिजे. आणि बाबा, एका रात्री 'सैराट' इंटरव्हलनंतर लावू या. रिमोट माझ्याकडे राहील. मधेच उठावंसं वाटलं तर उठा, मीही तुमच्याबरोबर ओट्यावर येऊन बसेन.

डोळ्यातले थेंब संपत आले असतील तर कळवा, इथून घेऊन येते.

तुमची,
शुभा