मेडिकलआधी फी घेतल्याबद्दल आणि पदवी सक्तीची असल्याचे खोटे सांगितल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक

विषय : पायलट प्रशिक्षणाच्या एकत्रित पॅकेजची फी परत मिळणे व माहितीपत्रकात दुरुस्ती होणे

महोदय,

गेल्या जून महिन्यात साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या हॉलमध्ये आपल्या संस्थेने बारावी सायन्सच्या मुलांसाठी मार्गदर्शन मेळावा घेतला. माझी मुलगी फिजिक्स आणि मॅथ्स घेऊन बारावी झाली आहे आणि तिला एअरलाइनमध्ये पायलट व्हायचे आहे. मेळाव्यानंतर आठवड्याभरात आपल्या समुपदेशकांनी आमच्याकडून पदवी, ग्राउंड क्लासेस (लेखी परीक्षांचे वर्ग) आणि फ्लाइंग अशा एकत्रित पॅकेजचा अडीच लाख रुपयांचा पहिला हप्ता भरून घेतला. पावती सोबत जोडली आहे.

माझी मुख्य तक्रार मेडिकलबद्दल आहे. मी सैन्यातून निवृत्त झालो आहे. भरतीत मेडिकलमध्ये पास झाल्याशिवाय कोणालाही ट्रेनिंग सेंटरला पाठवत नाहीत. नागरी विमान वाहतुकीतही वेगळे काही नाही. विद्यार्थ्याला आधी डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, मान्य केलेल्या डॉक्टरांकडून क्लास टू मेडिकल करावे लागते आणि कमर्शियल पायलट लायसन्ससाठी पुढे ठरावीक केंद्रांवर क्लास वन मेडिकल होते. मेळाव्यातच मी उभा राहून विचारले होते, "मेडिकल कधी?" उत्तर मिळाले, "ते दुसऱ्या वर्षी, फ्लाइंग सुरू होताना बघू. आत्ता सीट धरा." आपल्याच बॅचमधला खटाव तालुक्यातला एक मुलगा रंग ओळखण्याच्या चाचणीत अडकला. त्याच्या वडिलांनी हप्त्यासाठी शेत गहाण टाकले होते. चाचणी आधी झाली असती तर ते शेत आज मोकळे असते. माझ्या मुलीचे क्लास टू मेडिकल आम्ही स्वतः पुण्यात करून घेतले. ती फिट आहे. पण म्हणून माझी तक्रार कमी होत नाही.

दुसरी गोष्ट पदवीची. "बी.एस्सी. एव्हिएशन केल्याशिवाय डीजीसीए लायसन्स देत नाही," असे आपल्या समुपदेशकांनी आम्हाला दोनदा सांगितले. हे खोटे आहे. कमर्शियल पायलट लायसन्ससाठी फिजिक्स आणि मॅथ्ससह बारावी, अठरा वर्षे पूर्ण, मेडिकल, डीजीसीएच्या लेखी परीक्षा, रेडिओचा परवाना आणि २०० तासांचे उड्डाण लागते. पदवीची अट कुठेही नाही. नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स, टेक्निकल हे पेपर ७० टक्के गुणांनी सुटावे लागतात आणि घरी अभ्यास करून ते देणारी मुले आहेत. मुलगी मराठी माध्यमातली आहे म्हणून इंग्रजीसाठी तीन वर्षांचे कॉलेज हवेच, असेही ऐकवले गेले. इंग्रजीची स्वतंत्र चाचणी असते आणि तिथे किमान चौथी पातळी लागते. त्यासाठी लागते ती रोजच्या बोलण्याची तयारी. हे ऐकून माझी मुलगी दोन दिवस गप्प होती, आणि त्याचे मला फार वाईट वाटते.

पदवी घेऊच नये असे माझे म्हणणे नाही. पायलटला क्लास वन मेडिकल पुन्हा पुन्हा द्यावे लागते, कधी काय निघेल सांगता येत नाही. म्हणून पदवी अशी हवी की विमान उडवणे सुटले तरी पोट भरता येईल. आमच्या साताऱ्यात यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आहे, तिथे फिजिक्स शिकता येते, तेही आपल्या फीच्या मानाने फारच कमी खर्चात. हा पर्याय समुपदेशकांनी पालकांपुढे ठेवायला हवा होता. त्याचे नावही निघाले नाही.

आता पॅकेजविषयी. पत्रकावर नुसते 'फ्लाइंग – सहा महिने' असे छापले आहे. कोणत्या धावपट्टीवर, कोणत्या विमानावर, ताशी काय दराने, याचा एक शब्द नाही. २०० तासांपैकी १०० तास विद्यार्थ्याने विमानाचा कप्तान म्हणून उडवलेले असावे लागतात, शिवाय ३०० नॉटिकल मैलांचा लांबचा प्रवास असतो. पाऊस, धुके, विमानाची दुरुस्ती, प्रशिक्षकांची कमतरता यांत महिने जातात. डीजीसीएच्या मान्यताप्राप्त उड्डाण संस्थांच्या यादीत मी आपले नाव शोधले, ते सापडले नाही. मग फोनवर कळले की फ्लाइंग दुसऱ्याच संस्थेत होणार, आणि ती कोणती हे 'नंतर ठरेल'. डीजीसीए २०२५ पासून उड्डाण संस्थांची श्रेणी जाहीर करते. नाव कळले तरच पालक ती श्रेणी पाहू शकतो.

टाइप रेटिंगचा, म्हणजे एअरलाइनचे ठरावीक प्रकारचे विमान उडवण्यासाठीच्या वेगळ्या प्रशिक्षणाचा, खर्च पॅकेजमध्ये नाही, तरी पत्रकावर 'शंभर टक्के नोकरी' असे ठळक छापले आहे. कोचिंग क्षेत्रातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. नोकरीच्या अशा हमीला त्यांत मनाई आहे. आपण ग्राउंड क्लासेस चालवता, तेव्हा त्या वाचून घ्याव्यात.

माझी मुलगी आपल्या वर्गात बसलेली नाही, एकही पुस्तक घेतलेले नाही. त्यामुळे अडीच लाख रुपये पूर्ण परत करावेत. खटावच्या कुटुंबाचा फी परतीचा अर्ज आपल्याकडे पडून आहे, त्यांचे पैसे आधी द्यावेत, माझे चार दिवस मागे राहिले तरी चालतील. पुढच्या मेळाव्याआधी पत्रकातून पदवीच्या सक्तीचे आणि नोकरीच्या हमीचे वाक्य काढावे, आणि मेडिकलचा निकाल हातात आल्याशिवाय कोणाकडूनही हप्ता घेणार नाही असे लेखी कळवावे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून पुढील दाद मागेन. हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवत आहे.

आपला,
विद्यार्थिनीचे वडील
सातारा

सोबत : पावती, माहितीपत्रक आणि प्रवेश अर्ज यांच्या प्रती