‘पोलिसांना सांगेन’ ही धमकी आता पुरत नाही

महोदय,

दिवाळी अंकांसाठी कथा मागवण्याचे हे दिवस आहेत. दोन पुरुषांचे प्रेम आणि एक गुन्हा अशी रहस्यकथा लिहायला घेतलेल्यांसाठी हे पत्र आहे. अशा कथेत सर्वांत आधी सुचणारा खलनायक म्हणजे ब्लॅकमेलर. ‘पैसे दे, नाहीतर पोलिसांना सांगेन’ हे त्याचे ठरलेले वाक्य. एके काळी हे वाक्य अगदी खरे होते. भारतीय दंड संहितेतच त्याचा पुरावा आहे. गंभीर गुन्ह्याचा आळ घेण्याची भीती घालून पैसे उकळणाऱ्याला कलम 388 आणि 389 खाली दहा वर्षांपर्यंत कैद होती, पण तो आळ समलिंगी संबंधांनाही गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 चा असेल तर शिक्षा जन्मठेपेपर्यंत जात असे. म्हणजे 377 लिहिणाऱ्यांना 1860 मध्येच कळले होते की या कलमाच्या आडून खंडणीखोरी होणार. इंग्लंडमध्ये 1885 च्या अशाच कायद्याला लोक पुढे ‘ब्लॅकमेलरची सनद’ म्हणू लागले.

म्हणून कथेचा पहिला परिच्छेद लिहिण्याआधी तिचे साल ठरवावे. 2 जुलै 2009 ला दिल्ली उच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींमधील संमतीचे संबंध 377 मधून वगळले, 11 डिसेंबर 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि 6 सप्टेंबर 2018 ला घटनापीठाने हे संबंध कायमचे गुन्ह्याबाहेर काढले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर 377 ची जागा घेणारे कलमच नाही. याची दुसरी बाजू लेखकांच्या लक्षात येत नाही. सज्ञान पुरुषावर लैंगिक बळजबरी झाली, तर त्यासाठी वेगळे कलम आज उरलेले नाही. फिर्याद लिहून घेणारा अंमलदार मारहाण, डांबून ठेवणे, जबरी चोरी, खंडणी यांतच कलमे शोधणार. या घटनेभोवती फिरणारी कथा घडते जून 2024 मध्ये की ऑगस्टमध्ये, यावर पोलीस ठाण्यातला सगळा प्रसंग बदलतो.

मग आजचा ब्लॅकमेलर काय करतो? ॲपवर ओळख काढतो, दोन-तीन दिवस गोड बोलतो, भेटायला आडबाजूच्या खोलीवर बोलावतो. तिथे आणखी दोघे-तिघे दबा धरून असतात. कपडे काढायला लावून चित्रीकरण होते, आणि ज्याला फसवले त्याच्याच फोनवरून यूपीआयने पैसे वळते केले जातात. त्यामुळे पुरावा भरपूर उरतो. प्रत्येक व्यवहाराला बारा आकडी क्रमांक असतो आणि तो लगेच 1930 या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर कळवला तर पैसे वाटेत गोठवताही येतात. तरीही माणूस तक्रार करत नाही. त्याला पोलीस अटक करणार नाहीत, पण घरी फोन करतील. शिवाय खंडणी सिद्ध करायची तर फोन पुरावा म्हणून जमा करावा लागतो, आणि त्याच फोनमध्ये त्याच्या खऱ्या जोडीदाराचे तीन वर्षांचे संदेश आणि फोटो असतात. जोडीदार विवाहित असेल किंवा त्याने घरी सांगितलेले नसेल, तर फोन देणे म्हणजे त्याला उघडे पाडणे. माझ्या मते अशा कथेचा गाभा इथे आहे. गुन्ह्याचा छडा लावायला जे करावे लागते, त्यानेच प्रेम धोक्यात येते. हे दोन धागे वेगवेगळे चालवले की तपास आणि प्रणय आळीपाळीने येतात, आणि वाचक त्यातले एक प्रकरण गाळून पुढे जातो.

तपासाचा तपशील मात्र खरा हवा. सीडीआरमध्ये, म्हणजे मोबाइल कंपनीकडच्या कॉलच्या नोंदीत, कोणी कोणाला, केव्हा, किती वेळ फोन केला आणि कोणता टॉवर पकडला हे कळते. बोलणे कळत नाही, व्हॉट्सॲप कॉल त्यात दिसतच नाहीत. टॉवरवरून माणूस त्या भागात होता एवढेच म्हणता येते, अमुक इमारतीत होता असे नाही. सोसायटीच्या सीसीटीव्हीची हार्ड डिस्क भरली की जुने चित्रण आपोआप पुसले जाते, बहुधा दोन ते चार आठवड्यांत. तेव्हा दोन महिन्यांनी जिन्यातले चित्रण मिळवणारा इन्स्पेक्टर रंगवू नये. रेकॉर्डिंगची प्रत कोर्टात द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलवरून काढलेला आणि तिच्यात जराही बदल झाला की बदलणारा आकडा, लिहावे लागते. क्लिप नंतर कापली असेल तर ते मूल्य जुळत नाही. केवळ या एका आकड्यावर एक कलाटणी उभी राहते.

लग्न नसणे हेही रहस्यकथेचे मोठे साहित्य आहे. पती-पत्नीत झालेले बोलणे कोर्टात उघड करायला भाग पाडता येत नाही, याच अधिनियमाचे कलम 128 त्याला संरक्षण देते. 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही, त्यामुळे दोन पुरुष वीस वर्षे एकत्र राहिलेले असले तरी त्यांना ही ढाल नाही. एकाने रात्री जे सांगितले, ते दुसऱ्याला सकाळी साक्षीत सांगावे लागू शकते. पैशाचेही तसेच आहे. समलिंगी जोडीदारांना संयुक्त खाते उघडण्यास आणि एकमेकांना नॉमिनी करण्यास आडकाठी नाही, असे केंद्राने 28 ऑगस्ट 2024 ला स्पष्ट केले. पण नॉमिनी मालक होत नाही, रक्कम अखेर वारसांची. दोन साक्षीदारांच्या सह्या असलेले मृत्युपत्र नसेल तर जोडीदाराच्या हाती काही उरत नाही. ‘नॉमिनी होता म्हणून त्याने खून केला’ हा पोलिसांचा तर्क त्यामुळे पोकळ ठरतो, आणि संशय आपोआप भाऊ-पुतण्यांकडे वळतो.

आता भाषेविषयी, कारण मराठीत अशी कथा इथेच सर्वाधिक फसते. प्रियकर पुरुष आहे हे शेवटपर्यंत लपवून धक्का देण्याचा मोह टाळावा. मराठी क्रियापद लिंग सांगते. ते लपवायला ‘गेलो’, ‘बसला’, ‘येतो’ ही सगळी रूपे पाच हजार शब्द चुकवावी लागतात आणि गद्य लाकडासारखे होते. त्याहून वाईट म्हणजे प्रेमच एक कोडे ठरते. चार ओळींच्या चिठ्ठीत मात्र हे सुंदर जमते: ‘उशीर होईल. किल्ली कुंडीखाली ठेवली आहे. जेवून घे. वाट पाहीन.’ यातले एकही क्रियापद लिहिणाऱ्याचे लिंग सांगत नाही. ‘निघतो’ किंवा ‘पोचले’ असा एक शब्द आला की गुपित फुटले. त्यातही एक चकवा आहे. कोल्हापूरकडच्या कित्येक बायका ‘मी आलो’, ‘मी जातो’ असेच बोलतात, तेव्हा पुण्याच्या अधिकाऱ्याने ‘आलो’ वाचून पुरुषाला धरले तर तो चुकू शकतो. फक्त चिठ्ठी लिहिणारी बाई तशी बोलताना आधीच्या एखाद्या प्रसंगात ऐकू यायला हवी, नाहीतर वाचकाची फसवणूक होते.

दोघेही ‘तो’ असल्याने झटापटीत आणि शय्येवर कोणाचा हात कोणाचा ते कळत नाही. यावर मराठीतच उपाय आहे. ‘समीरने आपल्या खिशातून किल्ली काढली’ म्हणजे स्वतःच्या, ‘त्याच्या खिशातून’ म्हणजे दुसऱ्याच्या. हल्ली दोन्हीकडे ‘त्याच्या’ लिहिण्याची सवय जडली आहे आणि रहस्यकथेत तिच्यामुळे दुवाच नाहीसा होतो. ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येण्याचा क्षणही जपून खर्चावा. एकांतात ‘तू’ म्हणणारे दोघे जबाब देताना ‘तुम्ही’वर जातात, आणि कोपऱ्यात लिहीत बसलेल्या हवालदाराला एकदा निसटलेला ‘अरे’ ऐकू येतो. यासाठी कबुलीजबाबाची पाने लागत नाहीत.

शेवटी दोघांपैकी एकाला मारू नये. प्रेम-थरारकथेचा वाचक ‘हे दोघे वाचतील का’ या काळजीने पाने उलटतो, आणि समलिंगी पात्रांच्या वाट्याला मरण इतक्यांदा आले आहे की तिसऱ्या पानावरच त्याला शेवट दिसू लागतो. दोघे जिवंत आहेत, फोन पोलिसांच्या मुद्देमालात पडून आहे, घरी सगळे कळले आहे आणि पुढच्या तारखेला दोघांना एकाच गाडीने कोर्टात जायचे आहे, इथे कथा थांबवता येते.

आपला,
एक वाचक, ठाणे