बुरूडकामाचा वर्ग बांबूच्या हंगामाने भरवा

संपादक महाशय,

गोव्यातील गावांत बांबूकामाचे प्रशिक्षण वर्ग भरतात, हे चांगलेच आहे. पण वर्ग भरतो तो निधी आला की, आणि निधी काही बांबूचे पंचांग पाहून येत नाही. मार्च-एप्रिलमध्ये घाईने बांबू तोडला जातो. तेव्हा कोंब फुटण्याआधीचा पिष्टमय साठा पेरांत भरलेला असतो आणि भुंगेऱ्याला तेच हवे असते. मग चवथीच्या तोंडावर, सुपांना गिऱ्हाईक असते नेमके तेव्हा, विकायला ठेवलेल्या सुपातून पोखरलेल्या बांबूचे पीठ गळू लागते. दोष शिकणाऱ्या बाईच्या हाताला दिला जातो. असतो तो तोडणीच्या तारखेचा.

तोडणी दिवाळीनंतर महाशिवरात्रीपर्यंत उरकावी. बांबू तीन-चार वर्षांचा हवा. वर्षाचा कोवळा बांबू वाळताना आकसतो आणि वीण सैल पडते. फार जून झालेला चिरताना तडकतो. वय अंदाजाने ठरवू नये. दरवर्षी नव्या बांबूवर रंगाने साल लिहून ठेवले की प्रश्न मिटतो. घाव जमिनीवरच्या पहिल्या पेराच्या लगेच वर घालावा, नाहीतर खुंटात पाणी साचून बांबूचे बेट कुजते. हे काम एकट्याचे नाही. चार-पाच जणांनी मिळून एक दिवस तोडले तर वर्गाला हंगामभर पुरेल.

तोडलेला बांबू व्हाळात (ओढ्यात) किंवा टाकीत दगडांखाली दाबून चार आठवडे तरी बुडवावा. टाकीतले पाणी बदलत राहावे, नाहीतर बांबू काळा पडतो आणि वास जात नाही. शोभेच्या वस्तू आणि खुर्च्यांसाठी चिरलेल्या कांबी औषधात दोन-तीन दिवस ठेवाव्यात. प्रमाण असे: 200 लिटर पाण्याला 4 किलो बोरिक ॲसिड आणि 6 किलो बोरॅक्स. आधी दोन्ही गरम पाण्यात विरघळवून घ्यावे. सुपाला मात्र हे औषध लावूच नये, त्यात तांदूळ पाखडायचे असतात. त्याला पाणी आणि चुलीवरच्या माळ्याचा धूर पुरे. पावसात राहणाऱ्या वस्तूंनाही औषधाचा उपयोग नाही, ते धुऊन जाते.

चिरणी शेंड्याकडून सुरू करावी. चीर एका बाजूला पळू लागली की जाड राहिलेली बाजू जास्त वाकवायची, म्हणजे ती परत मधे येते. हे वाचून कळते, पण हाताला बसायला शेजारी जाणते माणूस लागते. गावात अशा आज्या अजून आहेत. प्रमाणपत्र नाही म्हणून त्यांना मानधनाच्या यादीत जागा नसते आणि वर्गात त्यांना 'मदतनीस' म्हणतात. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हिणवून घेत ही कला राखली, त्यांच्याच बाबतीत हे घडावे हे आम्हाला खटकते.

2023 साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत टोपल्या विणणारे कारागीर येतात. तिच्यात पाच-सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, रोज 500 रुपये भत्ता आणि अवजारांसाठी 15 हजार रुपये आहेत. कोयती प्रत्येकाला मिळेल, पण टाकी, माळा आणि बेट ही सामाईकच हवीत, ती कोणा एकाच्या नावावर मिळणार नाहीत. ती पंचायतीने द्यावीत. दहा फूट लांब, तीन फूट रुंद, दोन फूट खोल अशी एक सिमेंटची टाकी गावाला पुरते. 2017 च्या वनकायदा दुरुस्तीनंतर वनक्षेत्राबाहेरचा बांबू कायद्याने 'वृक्ष' राहिलेला नाही, तेव्हा पडीक जागेत माणगा जातीच्या बांबूची बेटे लावायला अडचण नसावी. माणगा बिनकाट्याचा आणि भरीव, दांड्यांना उत्तम.

राहिली वेळ. वर्ग दुपारी दोन ते पाच ठेवावा, शेवटच्या बसच्या आधी बायका घरी पोचतात. तान्ही मुले असलेल्यांसाठी एकीने पाळीपाळीने विणकाम सोडून मुलांकडे बसावे आणि त्या दिवसाचा भत्ता तिलाही मिळावा. ऑक्टोबरच्या ग्रामसभेत टाकीचा ठराव घेतला, तर येत्या तोडणीला ती तयार असेल.

– सत्तरी तालुक्यातील काही बांबू कारागीर व प्रशिक्षक