दाराखालचा उजेड

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

पोचल्याचा तुझा मेसेज मिळाला. तेवढ्यावर गप्प बसायला हवं होतं, पण परवा जेवताना झालेलं बोलणं डोक्यातून जात नाही. फोनवर मी लगेच आवाज चढवतो आणि तू लगेच "असू दे, बाबा" म्हणतेस, म्हणून लिहायला बसलोय. झोपेबद्दल एक अक्षरही लिहायचं नाही, असं आधीच ठरवलं आहे.

मी म्हणालो होतो, "एवढं मनाला लावून घेऊ नकोस, जग काही इतकं वाईट चाललेलं नाही." तू ताट तसंच ठेवून उठलीस आणि दारातून म्हणालीस, "रोज रात्री शंभर बातम्या माझ्या हाताखालून जातात. त्यातली एक चांगली दाखवा." माझ्याकडे उत्तर नव्हतं. युद्ध, पूर, वणवे, ढिगाऱ्याखालून काढलेली लहान मुलं. आम्ही ते सकाळी चहाबरोबर वाचतो आणि विसरतो. तू मात्र त्याचे मथळे करतेस, मृतांचा आकडा बरोबर आहे ना हे तीन-तीनदा तपासतेस. तुला "मनाला लावून घेऊ नकोस" म्हणणं माझं चुकलं. ते शब्द मी मागे घेतो.

पण नंतर तू जे म्हणालीस, की आता काहीच सुधारणार नाही, सुधारणा वगैरे सगळा मनाचा खेळ आहे, ते मला पटत नाही. न पटण्याचं कारण तू स्वतः आहेस.

तू गेल्यावर मी वरच्या कपाटातून ती लाल डायरी काढली. तू लहानपणी एकदा तिच्यावर रंगीत खडूने माशाचं चित्र काढलं होतंस आणि मी रागावलो होतो, तीच. का रागावलो होतो ते तेव्हा तुला सांगितलं नव्हतं. १९९६ साली तू एकतिसाव्या आठवड्यात जन्मलीस. पहिल्या पानावर माझ्या अक्षरात एवढंच आहे: १३४०. म्हणजे ग्रॅम. त्याखाली रोज एक आकडा. १३१०. १२७५. १२४०. १२२०. मी काचेच्या पेटीबाहेर उभा राहायचो, सिस्टर वजन सांगायच्या, मी लिहून घ्यायचो आणि जिन्यात जाऊन बसायचो. आकडा रोज खाली जात होता. एक दिवस त्या सिस्टर जिन्यात आल्या आणि म्हणाल्या, "रोजचं वजन बघत बसू नका. आठवड्याचं बघा. सुरुवातीला सगळीच बाळं उतरतात." माझा विश्वास बसला नाही. जन्माच्या वजनावर परत यायला तुला सोळा दिवस लागले.

नवव्या दिवसाच्या पानावर आकडाच नाही. त्या दिवशी तुझा श्वास तीनदा थांबला होता. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला कधीकधी श्वास घ्यायची आठवणच राहत नाही, मेंदूचा तो भाग अजून तयार झालेला नसतो. सिस्टर पेटीच्या गोल खिडकीतून हात घालून तुझ्या तळपायाला बोटाने टिचकी मारायच्या, की तू दचकून पुन्हा श्वास घ्यायचीस. तुझा तळपाय माझ्या अंगठ्याच्या पेराएवढा होता. नंतर त्यांनी मलाही टिचकी मारायला शिकवलं.

हे सगळं आज लिहितोय कारण त्या काळात मला काही ठाऊक नव्हतं, नंतर मी ते वाचत गेलो. तू हे कुणाकडून ऐकलं नसणार.

१९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना मुलगा झाला, साडेपाच आठवडे आधी. त्याचं वजन तुझ्यापेक्षा पाऊण किलोने जास्त होतं. जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाचं मूल, देशातले उत्तमोत्तम डॉक्टर हाताशी, आणि ते बाळ ३९ तासांत गेलं. फुप्फुसं उघडी राहत नव्हती. आपल्या फुप्फुसात बारीक बारीक फुगे असतात, मनू. आतून एक फेसासारखा पदार्थ त्यांना चिकटू देत नाही. सरफॅक्टंट म्हणतात त्याला. तो तयार व्हायच्या आत बाळ जन्मलं, तर श्वास सोडला की फुगे मिटतात, आणि पुढच्या प्रत्येक श्वासाला ते नव्याने फुगवावे लागतात. बाळ दमून जातं. याच पदार्थाच्या अभावाने ही बाळं जातात, हे मेरी एलन एव्हरी नावाच्या डॉक्टरबाईंनी १९५९ मध्येच दाखवलं होतं. कारण कळलं होतं, इलाज नव्हता.

त्या मृत्यूची बातमी जगभर पहिल्या पानावर आली. १९८० मध्ये जपानमध्ये फुजिवारा नावाच्या डॉक्टरांनी गाईच्या फुप्फुसातून काढलेला हाच पदार्थ दहा बाळांच्या श्वासनलिकेत घातला आणि त्यांची फुप्फुसं उघडली, ती कुठे आली असेल? एका वैद्यकीय नियतकालिकात, मोजक्या पानांत. त्या रात्री कुठल्याही वृत्तपत्राच्या डेस्कवर तुझ्यासारखी कुणी बसली असती, तर तिच्या हाताखालून ती गेलीच नसती. तुझ्या शंभर बातम्यांत चांगली एकही नसते हे खरंच आहे. जे बाळ वाचतं त्याचं काही घडत नाही. ते घरी जातं, एवढंच.

तुझ्या आईला प्रसूतीआधी दोन इंजेक्शनं दिली होती, चोवीस तासांच्या अंतराने. बाळाची फुप्फुसं लवकर पिकावीत म्हणून. त्यांचीही एक गोष्ट आहे. न्यूझीलंडमध्ये ग्रॅहम लिगिन्स नावाचे डॉक्टर मेंढ्यांवर काम करत होते, प्रसूती सुरू कशाने होते ते शोधायला. पोटातल्या कोकराला त्यांनी स्टिरॉइड दिलं होतं. इतक्या आधी जन्मलेलं कोकरू मेलेलं असायला हवं होतं, आणि ते श्वास घेत होतं! दुसरा कुणी असता तर आपला मूळ प्रश्न धरून पुढे गेला असता. लिगिन्स त्या कोकरापाशी थांबले. मग रॉस हॉवी यांना बरोबर घेऊन त्यांनी मातांवर चाचणी केली आणि १९७२ मध्ये निष्कर्ष छापले.

आता हे नीट वाच, कारण इथे तुझं म्हणणं बरोबर आहे. इलाज छापून आला आणि वीस वर्षं बहुतेक डॉक्टरांनी तो वापरलाच नाही. आणखी चाचण्या झाल्या, त्यांचंही उत्तर त्याच बाजूला झुकलं, तरी इंजेक्शन कपाटातच राहिलं. कोक्रेन नावाची संस्था आहे, वैद्यकीय पुरावे गोळा करून तपासणारी. तिच्या बोधचिन्हात आडव्या रेघा आहेत. त्या याच इंजेक्शनच्या सात चाचण्या आहेत. पुरावा समोर असताना बाळं गेली, हे विसरू नये म्हणून त्यांनी ते चिन्हच केलं. १९९४ मध्ये अमेरिकेत तज्ज्ञांची मोठी बैठक होऊन हे इंजेक्शन सर्रास द्यावं असं ठरलं. तू आलीस १९९६ मध्ये. दोन वर्षांचा प्रश्न होता, मनू. मी हा हिशेब कितीदा केला असेल.

तेव्हा सुधारणा आपोआप होते असं मी म्हणत नाही. ती अडते, कपाटात पडून राहते, कुणाच्या तरी आडमुठेपणापायी माणसं जातात. पण कुणीतरी कोकरापाशी थांबतं, कुणीतरी सात चाचण्या एका कागदावर मांडतं. मी त्यावर विसंबतो, तुझ्यासारखं मूल असल्यावर दुसरं काही करता येत नाही.

शेजारच्या पेटीतल्या बाळाबद्दल तुला कधी सांगितलं नाही. त्याचं वजन तुझ्यापेक्षा जास्त होतं. त्याच्या वडिलांकडेही एक छोटी वही होती. अकराव्या दिवशी ती पेटी रिकामी दिसली आणि मी त्या माणसाकडे बघितलं नाही. मला त्याच्याकडे बघता आलं नाही. सगळं कसं छान होत चाललंय असं कुणी म्हणालं की मला ती पेटी दिसते. त्यामुळे मी तुला तसलं काही सांगतोय असं समजू नकोस.

त्या सिस्टरांच्या भाषेत आठवड्याचं वजन सांगायचं तर असं आहे. १९९० मध्ये जगात जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी ९३ पाच वर्षांची व्हायच्या आत जात. २०२२ मध्ये ३७. तीस-बत्तीस वर्षांत निम्म्याहून खाली. तरीही २०२२ मध्ये ४९ लाख मुलं गेली, दिवसाला तेरा हजारांवर, आणि अलीकडे ही घट मंदावली आहे. दोन्ही आकडे खरे आहेत. तू रोज दुसरा बघतेस. पहिलाही बघ. ज्या माणसाला सगळं व्यर्थ वाटतं तो रात्रभर स्क्रीनकडे बघत बसतो, त्याच्या हातून पुढे काही होत नाही, आणि शरीराला विश्रांती नसेल तर विचारही

बघ, झोपेवर आलोच. आणि भाषणही सुरू झालं. माफ कर. तू माझ्यापेक्षा शहाणी आहेस हे मला तुझ्या दहावीपासून माहीत आहे. नाना असते तर म्हणाले असते, पोरीला शिकवायला निघालास?

माझ्या डाव्या दंडावरचा तो गोल वण आठवतो? लहानपणी तू त्यात बोट घालून "हे कुणी केलं" म्हणून विचारायचीस आणि मग स्वतःचा दंड चाचपून रडायचीस, मला का नाही म्हणून. तुझ्या दंडावर देवीच्या लशीचा वण नाही, कारण तू येईपर्यंत देवीच उरल्या नव्हत्या. १९५८ मध्ये एका सोव्हिएत डॉक्टरांनी, व्हिक्टर झ्दानोव त्यांचं नाव, जगातून देवी नाहीशा करायचा प्रस्ताव मांडला, आणि तो अमेरिकेत भरलेल्या जागतिक आरोग्य सभेत. चारच वर्षांनी, १९६२ मध्ये, तीच दोन राष्ट्रं अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर होती. त्या काळच्या बातम्या तुझ्या आजच्या बातम्यांपेक्षा बऱ्या नव्हत्या, मी त्या आक्कांच्या तोंडून ऐकल्यात. तरी सोव्हिएत लशी येत राहिल्या, मोहिमेच्या प्रमुखपदी एक अमेरिकन डॉक्टर होता, माणसं खेड्यापाड्यांतून एकेक रोगी शोधत चालत राहिली. १९७७ मध्ये सोमालियात शेवटची नैसर्गिक लागण झाली आणि १९८० मध्ये जाहीर झालं की देवी संपल्या. कुणाचं कुणाशी पटत नसतानाच्या काळात हे झालं. युद्धाच्या बातम्या करताना एवढं एक जवळ ठेव.

पृथ्वी तापण्याबद्दल तू विचारलंस त्याला मात्र माझ्याकडे असं उत्तर नाही. ओझोनचं छिद्र १९८५ मध्ये जाहीर झालं आणि दोनच वर्षांत ते पाडणारे वायू कमी करायचा मॉन्ट्रियलचा करार झाला, तो थर आता हळूहळू भरून येतोय, हे सांगता येईल. पण ती वायूंची एक जात होती, आणि हा तर सगळ्या जगण्याचाच प्रश्न आहे. त्या बाबतीत तुझी भीती माझ्यापेक्षा जास्त माहितीवर उभी आहे. तिथे मी तुला समजवायला जात नाही.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहितो, नाहीतर पत्र टाकूनही मला चैन पडणार नाही. तू इथे होतीस त्या सहाही रात्री तुझ्या दाराखाली उजेड होता. निळसर, हलणारा. दीडला, अडीचला, एकदा पावणेचारला. तुझी सुट्टी होती, रात्रपाळी नव्हती. मी दार वाजवलं नाही. तिसऱ्या रात्री उजेड गेला तेव्हा मी तिथेच उभा राहून तुझा श्वास ऐकत होतो. एकोणतीस वर्षांच्या मुलीच्या दाराशी. जुनी सवय आहे, तुझी आई ओळखून आहे. मग तुझा कुशी बदलल्याचा आवाज आला आणि मी आत गेलो.

नोकरी सोड असं मी म्हणणार नाही. तू ते काम उत्तम करतेस, गेल्या महिन्यातला पुरावरचा तुझा तो लेख मी तीन जणांना पाठवला, सुधामावशीने तर मोठ्याने वाचून दाखवला. त्यात ज्या बाईने गळ्यापर्यंतच्या पाण्यातून शाळेची हजेरीवही डोक्यावर धरून आणली, तिचा परिच्छेद संपादकांनी कापायला सांगितला होता आणि तू भांडून ठेवलास, हे तू आईला सांगितलंस, मला नाही. मला फार बरं वाटलं. त्या बाईजवळ तू थांबलीस.

डायरी कुरिअरने पाठवतोय, माशासकट. शेवटच्या पानावर आईचं अक्षर आहे, डिस्चार्जच्या दिवसाचं: १८६०, आणि खाली "घरी".

एकच मागतो. रात्रपाळी संपवून आडवी झालीस की मला "झोपते" एवढं टाक. मी उत्तर देणार नाही, प्रश्न विचारणार नाही, कितीही वाजलेले असोत. वाचलं की मीही झोपेन.

तुझा,
बाबा

ता. क. पिवळा स्वेटर इथेच राहिला आहे. आईने डायरीबरोबर त्याच पाकिटात घातला आहे.