रसेल, हिरालाल आणि पानाखालची तळटीप

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत इंग्रजी अमदानीतल्या अभ्यासू साहेबांवर आलेला लेख वाचला. रसेल साहेबांवर अर्धं पान आणि हिरालाल एका ओळीत आटोपले, हे खटकलं. मध्य प्रांताच्या जाती-जमातींवरचे या दोघांचे चार खंड १९१६ साली लंडनला छापले, तेव्हाही असंच झालं होतं. नाव आय.सी.एस. अधिकारी रसेल यांचं आणि खाली ‘साहाय्य’ म्हणून रायबहादूर हिरालाल, एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनर. कटनीकडचा हा माणूस, प्रांतातल्या शिलालेखांची यादी करणारा. रसेल साहेबांना तरी आपलं छापील पुस्तक कुठं पाहायला मिळालं? डिसेंबर १९१५ मध्ये भूमध्य समुद्रात ‘पर्शिया’ जहाज जर्मन पाणबुडीनं बुडवलं, त्यात ते गेले.

पण पत्र लिहायला बसलो ते दुसऱ्याच गोष्टीसाठी.

मी एकतीस वर्षं पटवारी होतो. माहिती गावातून वर कशी जाते ते मला ठाऊक आहे. एकदा तहसिलातून तक्ता आला : गावात कोणता समाज कोणते देव पुजतो, लग्नात काय रीत. दुपारी आला आणि संध्याकाळी परत हवा होता. धान रोवण्याचे दिवस, सारं गाव बांधीत. मी कोतवालाला बसवलं, चहा पाजला; तो सांगत गेला, मी रकाने भरत गेलो. पलीकडच्या टोलीतलं त्याला सारं ऐकीव. तेही भरलं. तक्ता जिल्ह्याला गेला, बेरजेत बसला आणि चुकलं काय ते विचारायला आजवर कोणी आलं नाही.

रसेल यांनी हे लपवलेलं नाही, एवढं त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. कितीतरी लेखांच्या तळटीपेत लिहिलंय की हा मजकूर अमक्या नायब तहसीलदाराच्या, तमक्या शाळामास्तराच्या कागदांवरून घेतला. प्यारेलाल मिश्र या कारकुनाचं नाव तर पुन्हापुन्हा येतं. म्हणजे आमच्याच बिरादरीची माणसं!

तिसऱ्या खंडात गोवारींवर, म्हणजे आमच्याकडच्या गुरं राखणाऱ्या समाजावर, लेख आहे. त्यात तीन भेद दिलेत : गाय गोवारी, इंगा आणि मारिया किंवा गोंड गोवारी. गोवारी हेच गोंड गोवारी, म्हणजे अनुसूचित जमात, की नाही, या वादात एवढ्याशा मजकुरावर आमच्या भंडाऱ्याकडं किती पिढ्या दाखल्यासाठी खोळंबल्या! २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात मोर्चातल्या चेंगराचेंगरीत ११४ गोवारी मेले. २०१८ साली उच्च न्यायालयाचा निकाल गोवारींच्या बाजूनं लागला, २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. निकालावर मी बोलणारा कोण? मी बोलतो ते कागदावर.

माझ्या शेजारी एक म्हातारा गायकी राहतो. गावची गुरं राखण्यात जन्म गेला. नातवाच्या दाखल्याची फाईल घेऊन तो माझ्याकडं आला. फाईलीत त्या इंग्रजी पुस्तकाच्या पानाची झेरॉक्स होती. मी वाचून अर्थ सांगितला. तो जरा थांबला नि म्हणाला, “पटवारीसाहेब, त्या साहेबानं माह्या आज्याले इचारलं होतं का?”

काय सांगणार? त्या काळी गावात साहेब उतरायचा तो मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, वाड्यावर. विचारलं असेल तर तिथंच, आणि आजा तेव्हा ढोरांमागं रानात.

तुमच्या लेखकांना विनंती की पुढच्या वेळी साहेबांवर लिहाल तेव्हा तळटीपांतल्या माणसांवरही लिहा. आणि फाईलींत ही पानं जोडणाऱ्यांनी पान तरी पूर्ण जोडावं. माझ्या शेजाऱ्याकडची झेरॉक्स खालून तीन बोटं कापलेली आहे. तिथं काय लिहिलं होतं ते कळायला मार्ग नाही.

आपला,
एक सेवानिवृत्त पटवारी
ता. साकोली, जि. भंडारा