शाखेचा कोड बरोबर आला, तरी खाते तपासावे लागते

नांदेड

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, काळजी करू नकोस, शाखेचा आयएफएससी कोड घातल्याबरोबर बँकेचे आणि शाखेचे नाव आपोआप आले, म्हणजे खाते बरोबरच आहे." फोन ठेवल्यापासून तुझे ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. पुढच्या आठवड्यात तू विकत घेतो आहेस त्या घराच्या साठेखताच्या दिवशी इसाराचे सहा लाख रुपये घरमालकाच्या खात्यावर पाठवायचे आहेत आणि ते तुझ्या चार वर्षांच्या बचतीचे आहेत. फोनवर अशा गोष्टी अर्धवट ऐकल्या जातात, म्हणून लिहून पाठवते आहे. बँकेत पैसे पाठवण्याच्या काउंटरवर माझी बरीच वर्षे गेली, त्यामुळे यातले थोडेबहुत मला कळते.

आधी हा कोड काय सांगतो ते नीट पाहा. त्यात अकरा अक्षरे असतात. पहिली चार बँकेची, पाचवे नेहमी शून्य आणि शेवटची सहा शाखेची. स्टेट बँकेचा कोड एसबीआयएन या चार अक्षरांनी सुरू होतो, बँक ऑफ महाराष्ट्रचा एमएएचबी या अक्षरांनी, आणि अॅक्सिस बँकेचा आजही यूटीआयबी या अक्षरांनी, कारण 2007 पर्यंत तिचे नाव यूटीआय बँक होते. पाचव्या जागी शून्याऐवजी ओ हे इंग्रजी अक्षर लिहिणारे लोक मी रोज पाहत असे. बँक ऑफ बडोदाच्या कोडात शेवटच्या सहा जागीही बहुधा अक्षरेच असतात, तिथे हा गोंधळ आणखी वाढतो. पण ही चूक घातक नाही. असा कोडच अस्तित्वात नसल्याने व्यवहार पुढे सरकत नाही.

खरी गोष्ट पुढे आहे. हा कोड पैशाला कोणत्या बँकेच्या कोणत्या शाखेकडे जायचे एवढेच सांगतो. त्या शाखेतल्या हजारो खात्यांपैकी पैसे कोणाच्या खात्यात जमा होणार, हे फक्त खाते क्रमांक ठरवतो. आपण वर एवढ्या काळजीने लिहिलेले नाव जमा करणारी बँक ताडून पाहीलच असे नाही, कारण केवळ खाते क्रमांकावरून रक्कम जमा करण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2010 मध्येच दिली आणि क्रमांक बिनचूक देण्याची जबाबदारी पैसे पाठवणाऱ्यावर टाकली. तेव्हा अॅपमध्ये आलेले शाखेचे नाव खाते कोणाचे आहे याबद्दल काहीही सांगत नाही.

हे मला कसे उमगले ते सांगते. 2011 च्या पावसाळ्यात एक शेतकरी आमच्या काउंटरवर आला. मुलगी नर्सिंगला होती आणि तिच्या खात्यावर फीचे 48,000 रुपये पाठवायचे होते. त्याने वहीच्या फाटक्या कागदावर आणलेला क्रमांक मीच पाहून फॉर्मवर उतरवला आणि उतरवताना शेवटून तिसरा व चौथा आकडा माझ्याकडून उलटसुलट झाला. कोड बरोबर होता, शाखा बरोबर होती, मुलीचे नावही बरोबर होते. दुर्दैवाने त्या उलट्या क्रमांकाचे खाते खरोखर अस्तित्वात होते आणि पैसे तिथे जमा झाले. ज्याच्या खात्यात ते गेले त्याने दोन दिवसांत काढूनही घेतले. खातेदाराच्या संमतीशिवाय बँक त्याच्या खात्यातून रक्कम परत घेऊ शकत नाही, त्यामुळे पत्रव्यवहार, विनवण्या, पुन्हा पत्रव्यवहार यात तेवीस दिवस गेले. पैसे अखेर मिळाले, पण तोवर त्या मुलीला फीसाठी कोणाकोणापुढे हात पसरावे लागले. तो माणूस माझ्यावर एकदाही रागावला नाही, रोज सकाळी बाकावर येऊन बसायचा, आणि ते मला अजून सोसत नाही. त्या दिवसापासून मी खाते क्रमांक कधीही एका दमात लिहिला नाही. चार-चार आकड्यांचे गट पाडून मोठ्याने वाचते आणि मग मूळ कागदाशी उलट्या बाजूने, म्हणजे शेवटच्या आकड्याकडून पहिल्याकडे, ताडून पाहते. तूही असेच कर. अॅप क्रमांक दोनदा घालायला लावते, तेव्हा दुसऱ्यांदाही मूळ कागदावरूनच वाचून घाल, पाठ झाला म्हणून आठवणीने घालू नकोस.

आणि मूळ कागद म्हणजे व्हॉट्सअॅपवर आलेला मजकूर नव्हे. घरमालकाकडून कॅन्सल चेक, म्हणजे रेघा मारून रद्द केलेला चेक, माग आणि तो प्रत्यक्ष हातात घेऊन पाहा. शाखेच्या पत्त्याजवळ कोड छापलेला असतो, खाते क्रमांक स्वतंत्र चौकटीत असतो, आणि खालच्या पांढऱ्या पट्टीत चेक क्रमांकाच्या पुढे नऊ आकड्यांचा एमआयसीआर कोड असतो. त्याचे पहिले तीन आकडे शहराचे, पुढचे तीन बँकेचे आणि शेवटचे तीन शाखेचे. हा एमआयसीआर कोड चेक वटवण्यासाठी असतो, पैसे पाठवण्यासाठी नाही. घाईत तोच खाते क्रमांक समजून उतरवणारेही मी पाहिले आहेत.

चेकबुक जुने असेल तर आणखी एक शंका मनात ठेव. बाबांचे पेन्शनचे खाते स्टेट बँक ऑफ हैदराबादमध्ये होते, आपल्या मराठवाड्यात निम्म्या घरांचे तिथेच असायचे. ती बँक 1 एप्रिल 2017 रोजी स्टेट बँकेत विलीन झाली आणि कोडही बदलला. तरी दोन वर्षांनी विम्याच्या फॉर्मवर बाबांनी जुन्या पासबुकावरून एसबीएचवायचा कोड लिहिलाच होता, मी वेळेवर पाहिला म्हणून निभावले. अशाच दुसऱ्या बँकांत विलीन झालेल्या देना आणि विजया बँकांचे जुने कोड 1 मार्च 2021 पासून बंद झाले, सिंडिकेट बँकेचे त्याच वर्षी 1 जुलैपासून. शंका वाटली तर रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर सर्व शाखांच्या कोडांची यादी आहे, तिथे पाहा किंवा त्या शाखेत विचार. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या कुठल्याशा ग्राहक सेवेच्या नंबरवर मात्र चुकूनही फोन करू नकोस.

नावाची जी अडचण वर लिहिली, तिच्यावर आता उपाय आला आहे आणि मला त्याचे मनापासून समाधान आहे. रिझर्व्ह बँकेने 30 डिसेंबर 2024 रोजी आदेश काढून, एनईएफटी आणि आरटीजीएस या एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवण्याच्या पद्धती वापरताना पैसे पाठवण्यापूर्वीच खातेदाराचे नाव दाखवण्याची सोय 1 एप्रिल 2025 पर्यंत देण्यास बँकांना सांगितले. खाते क्रमांक आणि कोड घातला की समोरच्या बँकेच्या नोंदीतले नाव तुला दिसते, त्याला शुल्क नाही. फोनच्या पडद्यावर ते नाव आले की पुढे जाण्याची घाई न करता थांब. चेकवर, साठेखताच्या मसुद्यावर आणि पडद्यावर एकच नाव आहे का ते पाहा. आडनाव आधी-नंतर झाले किंवा नुसती आद्याक्षरे आली तर समजण्यासारखे आहे. पण नाव पत्नीचे, भावाचे किंवा कुठल्या फर्मचे निघाले तर वकिलांना विचारल्याशिवाय एक रुपयाही पाठवायचा नाही.

नाव जुळले तरी आधी शंभर रुपये आयएमपीएसने, म्हणजे लगेच पैसे पोचवणाऱ्या पद्धतीने, पाठव आणि घरमालकाला फोन करून, जमा झाल्याचे त्याच्या तोंडून ऐक. फोन त्याच नंबरवर कर, ज्यावर तू दोन महिने बोलतो आहेस. साठेखताच्या आदल्या रात्री "आमचे खाते बदलले आहे, आता या कोडवर पाठवा" असा निरोप आला, तर तो फसवणुकीचाच आहे असे समजून चाल. नंतर सहा लाख त्याच साठवलेल्या खात्यावर आरटीजीएसने पाठव. आयएमपीएसची मर्यादा पाच लाखांची आहे, आणि आरटीजीएस दोन लाखांपासून पुढच्या रकमेसाठीच असते. डिसेंबर 2020 पासून ती रात्रंदिवस चालते, तरी तू मात्र सकाळी, बँक उघडी असताना पाठव, म्हणजे काही अडले तर समोर बोलायला माणूस असेल. आरटीजीएसची रक्कम एकदा गेली की पाठवणाऱ्याला ती मागे घेता येत नाही. नव्या खात्यावर मोठी रक्कम पाठवायला बऱ्याच बँका पहिले काही तास मर्यादा घालतात, म्हणून खाते दोन दिवस आधीच जोडून ठेव.

रक्कम गेल्यावर बावीस अक्षरांचा यूटीआर क्रमांक, म्हणजे या व्यवहाराचा ओळख क्रमांक, येईल. त्यात आधी तुझ्या बँकेची चार अक्षरे आणि पुढे त्या दिवसाची तारीख दिसेल. तो लिहून ठेव आणि साठेखतात रकमेच्या पुढे घालायला सांग. इतके करूनही पैसे चुकीच्या ठिकाणी गेलेच, तर याच क्रमांकासह आपल्या शाखेत त्याच दिवशी लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. फसवणूक वाटली तर क्षणाचाही विलंब न करता 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन लावायचा. तासाभरात कळवले तर पैसे पुढे काढले जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते.

कॅन्सल चेक हाती आला की त्याचा फोटो मला पाठव. मी इथे क्रमांक वाचून तुला फोनवर सांगते, तू तिथे अॅपमध्ये पाहा, आणि मगच पुढचे बटण दाब. बाबा बरे आहेत, गुडघा दुखतो पण फिरायला जातात.

तुझी,
आई