‘सेक्टर 15’ म्हणजे नेमके कुठले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोलीस नियंत्रण कक्षात नऊ वर्षे काढून मी दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. 112 या आपत्कालीन नंबरवर फोन केला तरी पोलिसांची गाडी उशिरा येते, अशी तक्रार वाचकांच्या पत्रांतून नेहमी दिसते. कधीकधी ती खरीही असते. पण गाडी निघण्याआधीची मिनिटे कुठे जातात, हे बाहेर कोणाला दिसत नाही.

पूर्वी 100 लावला की फोन थेट शहराच्या कंट्रोलला यायचा. घेणारा हवालदार इथलाच, गल्लीबोळ पाठ असलेला. 2021 पासून राज्यभरातले 112 चे कॉल नवी मुंबई आणि नागपूर इथल्या केंद्रांत घेतले जातात, तिथून त्या त्या शहराच्या कंट्रोलकडे येतात आणि मग गाडीतल्या टॅबवर जातात. व्यवस्था चांगली आहे, फोनचे ठिकाण नकाशावर दिसते. पण फोन उचलणारी मुलगी गडचिरोलीचाही कॉल घेते आणि घणसोलीचाही. तिला तुमचा वडापाववाला कसा माहीत असणार?

एक नाईट अजून आठवते. रात्री पावणेदोनला कॉल आला : बहिणीला नवरा मारतोय, सेक्टर 15, नवी मुंबई. फोन करणारा भाऊ साताऱ्यात, त्यामुळे नकाशावर टिंब साताऱ्याचे. बहीण फोन उचलत नव्हती. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने प्रत्येक नोडला (म्हणजे वाशी, नेरुळ अशा उपनगराला) सेक्टरचे आकडे पुन्हा एकपासून दिलेत. सेक्टर 15 वाशीत आहे, नेरुळला आहे, ऐरोलीत आहे, बेलापूरलाही आहे. जवळची खूण विचारली तर म्हणाला, गणपतीचे देऊळ. (देऊळ नसलेला सेक्टर कोणी दाखवावा!) दोन नोडमध्ये गाड्या फिरवल्या. शेवटी मी विचारले, “दादा, तिच्याकडे जाताना उतरता कुठल्या स्टेशनला?” तो म्हणाला, “कोपरखैरणे.” तोवर बावीस मिनिटे गेली होती. बीट मार्शल (मोटारसायकलवर गस्त घालणारे पोलीस) पोचले तेव्हा बाई जिन्यात बसली होती, पायात चप्पल नव्हती. पुढे काय झाले ते कंट्रोलमध्ये कळत नाही. आमच्याकडे कॉल बंद होतो आणि पुढचा वाजतो.

ठाण्यात घोडबंदर रोडला वेगळीच तऱ्हा. एकाच बिल्डरच्या संकुलात डझनभर टॉवर, नावे सगळी इंग्रजी फुलांची, आणि घाबरलेल्या माणसाला आपली विंग आठवत नाही. नकाशा इमारत दाखवेल, पण मजला तुम्हालाच सांगावा लागतो.

दोन्ही शहरांतल्या यंत्रणांना विनंती आहे की सेक्टरच्या प्रत्येक पाटीवर नोडचे नाव तेवढ्याच ठळक अक्षरांत हवे आणि विजेच्या खांबांवर वाचता येतील असे क्रमांक हवेत. वाचकांनीही फोन लागल्यावर आधी नोड, मग सेक्टर, मग इमारत सांगावी; भांडण कशावरून झाले ते नंतर. गावाकडच्या नातेवाइकांनाही आपला पूर्ण पत्ता लिहून द्यावा.

आमच्या सोसायटीच्या गेटवर नुसते ‘सेक्टर’ आणि आकडा होता. गेल्या महिन्यात त्यापुढे ‘कोपरखैरणे’ रंगवून घेतले. पेंटरने साडेचारशे रुपये घेतले.

– एक निवृत्त पोलीस हवालदार, कोपरखैरणे, नवी मुंबई
(नाव व पत्ता संपादकांकडे)